खालपासून वरपर्यंत दोन सूत

दोन्ही कर्ण तिसऱ्यांदा मोजले, तरी एक फुटाचा फरक राहिलाच.

कर्ण म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं तिरकं अंतर. चौकोन काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सारखे भरतात. मी मोजत होते ती उमरखेडजवळच्या एका बाजारगावातली कापूस ठेवायची शेड होती. चाळीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, एका स्कॉटिश आर्किटेक्टनं शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेली. भिंतींना भेगा दिसत होत्या. शेड दुरुस्त करायची की पाडायची, याचा रिपोर्ट आमच्या ऑफिसला द्यायचा होता.

मी तेव्हा यवतमाळला देशकर सरांच्या ऑफिसात ट्रेनी होते. आर्किटेक्चरचं चौथं वर्ष. अब्बा गवंडीकाम करतात. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुणी काही विचारलं की उत्तर येत असूनही माझा आवाज बारीक व्हायचा.

सरांना फोन केला.

"एक फूट म्हणजे फार झालं, शाहीन. खाली काळी माती आहे ना?"

"हो सर."

"मग भिंत सरकली असणार. मूळ नकाशा पाहून घे."

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचा पाया हलतो. यवतमाळच्या रेकॉर्ड रूममधून नकाशाची झेरॉक्स मिळाली. त्यात चारही कोपरे काटकोनात होते. म्हणजे शेड सरळ बांधली आणि नंतर सरकली, असा मी हिशोब केला. कच्च्या रिपोर्टमध्ये लिहिलं, 'इमारत धोकादायक. पाडावी.' लिहिताना थोडं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल करते.

शेड ज्यांच्या ताब्यात होती ते बाजाराचे सचिव राऊतकाका. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले,

"मॅडम, शेड नाही तर इथलं खरेदी केंद्र बंद. मग सारा कापूस उमरखेडले. तिथं आताच चार-चार दिवस गाड्या उभ्या राहून राह्यल्या. भाव आधीच पडेल हाय, त्यात चार दिवसाचं टेम्पोचं भाडं. कोण आणन मंग कापूस?"

कापसाची ती वर्षंच तशी होती. सोमवारी त्यांच्या कमिटीची मीटिंग होती आणि त्यात आमचा रिपोर्ट जायचा होता. सही करण्याआधी सर म्हणाले, "रविवारी एकदा परत मोजून ये. पाडा म्हणायला एक दिवस जास्त गेला तरी चालेल."

टेप धरायला कुणी नव्हतं, म्हणून अब्बा आले. सकाळची एसटी धरली. अब्बांनी पिशवीत गुण्या आणि ओळंबा घेतला होता. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची एल आकाराची लोखंडी पट्टी. ओळंबा म्हणजे भिंत उभी सरळ आहे का, हे बघायचं दोरीचं वजन.

"हे कायले आणलं अब्बा? माझ्याजवळ टेप आहे ना."

"असू दे. हात रिकामा बरा नाही वाटत."

कर्ण पुन्हा तेवढेच भरले. मी वहीत लिहीत होते. अब्बा कोपऱ्यापाशी बसून गुण्या लावत होते. मग शिडी मागवून वर चढले. मधे लावला, वर लावला. चारही कोपऱ्यांना तेच. शेवटी ओळंबा सोडला.

"बेटा, इकडं ये. गुण्या आन भिंतीच्या मधात खाली किती फट हाय?"

"दोन सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"मधात बी दोन सूत, वर बी दोन सूत. सरकलेली भिंत अशी राह्यते का? ते खाली येगळी, वर येगळी. कोपऱ्याचा सांधा फाटते तिचा. हा सांधा पाहाय, ब्लेड जात नाही त्यात. आन ओळंब्यात उभी हाय."

"मग भेगा?"

अब्बांनी पिशवीतून करणी, म्हणजे गवंड्याची थापी, काढून एक भेग खरवडली. वरचं सिमेंटचं प्लॅस्टर पापुद्र्यासारखं निघालं. आतली चुन्यातली वीट धड होती. प्लॅस्टर अलीकडचं होतं.

"पहिल्यापासूनच तिरपी बांधली हाय हे. तुह्या त्या गोऱ्या साहेबानं."

मी जमिनीवर सगळं मोजलं होतं. उभ्या भिंतीला एकदाही ओळंबा लावला नव्हता.

संध्याकाळी सरांच्या घरी गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"पटतंय मला. पण कमिटीपुढे काय लिहू? मिस्त्री म्हणाले? नकाशा तर काटकोनाचा आहे. कुणी विचारलं, तिरपी बांधली कशावरून, तर कागद लागेल. मीटिंग दुपारी आहे."

सोमवारी रेकॉर्ड रूम उघडायच्या आधी मी दारात उभी होते. नकाशांची फाईल आधी पाहिली होती, पत्रव्यवहाराची नाही. क्लार्क म्हणाले, "कायले धूळ खाता मॅडम, नकाशा देल्ला ना तुमाले." तरी त्यांनीच गठ्ठा काढून दिला.

त्यात शेड बांधणाऱ्या त्या स्कॉटिश साहेबाची चौकशी होती आणि चौकशीला त्याची नोकरीची कागदपत्रं जोडलेली होती. वडील जहाजाच्या गोदीत सुतार. हा सोळाव्या वर्षी ग्लासगोच्या एका ऑफिसात उमेदवारीला लागला. पाच वर्षं दिवसा दुसऱ्यांच्या नकाशांवर शाई फिरवायची, संध्याकाळी आर्ट स्कूल, सुट्टीच्या दिवशी जुनी चर्चेस मोजायची. परीक्षेत दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास. मग असिस्टंट म्हणून वऱ्हाडात. कचेऱ्या, डाक बंगले, ही शेड. सुताराचा मुलगा हे वाचून मी दोन मिनिटं पान उलटलं नाही. वेळ नव्हता तरी.

खाली त्याचं पत्र होतं. आखणी करताना त्यानं कर्ण तपासले नव्हते. चूक लक्षात आली तेव्हा जोतं पूर्ण झालं होतं. कापसाचा हंगाम तोंडावर होता, तोडून पुन्हा बांधायला वेळ नव्हता. म्हणून भिंती तशाच तिरप्या चढवल्या. गवंड्यांचा दोष नाही, माझ्या नावावर लिहावा, असं त्यानं कळवलं होतं. शेरा मारून त्याची बढती थांबवली होती. त्यानंतरचा एकच कागद, बदलीचा. पुढे त्याचं काय झालं, ते फाईलीत नाही.

झेरॉक्स घेऊन धावत ऑफिसात आले. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि नवा रिपोर्ट स्वतः सांगितला. इमारत सुस्थितीत, प्लॅस्टर काढून चुन्याचं करावं. दुपारी कमिटीनं तो मान्य केला. पंधरा दिवसांनी तिथं खरेदी सुरू झाली. भाव काही वाढला नाही, पण गावचा कापूस गावात मोजला गेला. राऊतकाकांनी अब्बांना दुरुस्तीच्या कामावर बोलावलं.

पहिला कच्चा रिपोर्ट सर फाडायला निघाले होते. मी म्हटलं, "सर, फाईलीत राहू द्या. का चुकला, ते मी खाली लिहिते."

"कशाला? नोकरी शोधायची आहे तुला."

"पुढं कुणी परत कर्ण मोजले तर?"

सरांनी कागद परत दिला. मी चार ओळी लिहून सही केली. ट्रेनीची सही चालत नाही म्हणून त्यांनी खाली आपली केली.

आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. आमच्या कामात इमारत माणसापेक्षा जास्त जगते. त्यामुळे नकाशासोबत आपली चूकही फाईलीला लावून ठेवावी. बढती थांबू शकते, पण शेड पाडली जात नाही.