खैरूबीची जीभ

बिदरमध्ये भर चौकातल्या चौबाऱ्याच्या बुरुजापासून किल्ल्याच्या शर्झा दरवाजापर्यंत खैरुन्निसाला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. तिची ख्याती दोन गोष्टींसाठी. एक तिचे पाय, जे एका जागी ठरत नसत. आणि दुसरी तिची जीभ. आता जीभ म्हटल्यावर कुणालाही वाटेल की बाई भांडखोर असणार, आणि त्याही बाबतीत ती मागे नव्हती म्हणा. पण ही ख्याती वेगळी होती. खैरूबी माती चाखायची.

बिदरी भांड्याचा काळा रंग किल्ल्याच्या मातीतून येतो. जस्त-तांब्याचं भांडं ओतायचं, त्यावर वेलबुट्टी कोरायची, कोरीव रेघेत चांदीची तार ठोकून बसवायची, आणि शेवटी किल्ल्याची माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून त्यात भांडं बुडवायचं. धातू काळाकुट्ट होतो, चांदी तेवढी पांढरी राहते. मात्र ती माती ऊन-पाऊस न पाहिलेल्या कोपऱ्यातलीच लागते, आणि कुठली चांगली ते डोळ्यांना कळत नाही. जिभेलाच कळतं.

सतराव्या वर्षी ती कासिमसाब उस्तादांच्या घरी सून म्हणून आली, तेव्हा घरच्या बायकांबरोबर तिलाही तार ठोकायला बसवलं. अर्ध्या घटकेत तिच्या पायाला मुंग्या यायच्या. मग ती पाणी प्यायला उठायची, मग दार बघायला, मग उगीच गच्चीवर. मागे ठेवलेली तार एक तर वाकडी, नाही तर तुटलेली. सासू म्हणायची, सून आणली की भोवरा आणला.  एके सकाळी सासऱ्यांनी तिच्या हातात कापडी पिशवी दिली आणि म्हणाले, "बसता येत नाही ना? मग फिर. पण रिकामी फिरू नकोस."

वर्षभर त्यांनी तिला बरोबर घेऊन किल्ला पालथा घातला. कुठला सुलतान कधी गादीवर बसला, कुणी कुणाचे डोळे काढले, हे खैरूबीला विचाराल तर ती सरळ म्हणायची की सगळे एकाच माळेचे मणी. पण रंगीन महालामागची माती तुरट, सोळा खांबांच्या मशिदीकडची नुसती धूळ, शाही मुदपाकखान्याजवळची खारट खरी पण आळशी, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. अस्सल माती जुन्या बारूदखान्याच्या मागच्या कोठडीत. ती आधी खारट लागते, मग जिभेला चावते आणि शेवटी गार लागते. दरवाजावरचा पहारेकरी शरणप्पा तिला पिशवी घेऊन जाताना बघायचा आणि रोजचंच म्हणायचा, "खैरूबी, थोडा किल्ला आमच्या नातवंडांनाही ठेवा."

इतर कारखान्यांत नवी माती आली की आधी तुटक्याफुटक्या भांड्याच्या तुकड्यावर लावून बघतात. कासिमसाबांकडेही बघायचे. पण एकदा चार लोकांसमोर कुणीतरी तुकडा मागितला, तेव्हा म्हातारा ताठ होऊन म्हणाला, "आमच्या घरी खैरू आहे, तुकडा कशाला?" झालं. तेव्हापासून त्या घरात तुकडा लावणं म्हणजे खैरूबीचा अपमान. सासरे गेले, नवरा गेला, कारखाना धाकट्या दिराकडे, मकबूलकडे आला, पण ती रीत गेली नाही. त्या बोलण्याला बावीस वर्षं झाली, आणि तेवढ्यात तिची माती एकदाही फसली नव्हती.

आणि यंदा ईद झाल्यावर तिला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला, तो चव घेऊन गेला.

आधी तिला वाटलं चहावालाच लबाड झालाय. त्याला तिने भर रस्त्यात झापलं. मग एका दुपारी चुलीपाशी तिने हिरवी मिरची कच्ची चावली. डोळ्यांत पाणी आलं, तोंडात काही आलं नाही. लिंबू चोखलं, चिंच चघळली, मिठाची चिमूट जिभेवर ठेवून बसली. सगळं एकजात कोऱ्या कागदासारखं. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? मूलबाळ नाही, नवरा नाही, हाताला तार येत नाही. दिराच्या घरात ती होती ती या जिभेच्या जोरावर, असं तिला वाटायचं. जीभ गेली म्हणजे आपण नुसतं खाणारं तोंड, आणि त्या तोंडालाही चव नाही.

म्हणून ती पूर्वीपेक्षा जास्त फिरू लागली. घरात पाय टेकला की जाऊ काही विचारेल, या धास्तीने पुन्हा बाहेर. रांधण्याची पाळी तेवढी तिने सोडली नाही. सोडली असती तर संशय आला असता. जेवताना मकबूल हल्ली तांबेच्या तांबे पाणी रिचवायचा. तिला वाटायचं, वैशाखाचं ऊन आहे, पिणारच.

त्यातच साजिदाची सुरई तयार झाली. साजिदा म्हणजे मकबूलची बायको, खैरूबीची धाकटी जाऊ, तार ठोकण्यात अख्ख्या गल्लीत तिचा हात धरणारं कुणी नाही. तीस वर्षं तिने ठोकलेल्या भांड्यांवर नाव मात्र मकबूलचं गेलं. या खेपेला हैदराबादच्या प्रदर्शनात सुरई तिच्या स्वतःच्या नावाने जायची होती. चार महिने ती त्या एका सुरईवर वाकून बसली होती. रंग फसला तर पुन्हा घासावं लागणार, आणि घासलं की केसाएवढी बारीक तार उडून जाणार.

मकबूलने माती मागितली. खैरूबी गेली, नेहमीच्या कोठडीत, नेहमीच्या कोपऱ्यात. भिंतीवर तिला ओलीचा एक पुसट डाग दिसला. ओल शिरली की माती मरते, हे सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. तिने चिमूट जिभेवर ठेवली आणि वाट बघितली. काही झालं नाही. तरी तिने पिशवी भरली. घरी साजिदाने विचारलं, "चाखलीत ना, आपा?" ती म्हणाली, "हो." आणि ते खोटं नव्हतं, यानेच तिचा जास्त जीव जळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मकबूलने माती-नवसागराचं पाणी चुलीवर चढवलं. पाणी तापायला लागलं तशी खैरूबी उठली. कोथिंबीर आणते, असं सांगून ती निघाली. मंडई डावीकडे, ती उजवीकडे वळली. चौबाऱ्याला एक फेरी घातली, परत आली, पुन्हा घातली. पानवाल्याने विचारलं काही हरवलंय का. तिने ऐकलंच नाही. चालत चालत ती महमूद गवानाच्या मदरशापुढे आली आणि तिथे मात्र पाय थांबले.

त्या मदरशाचा एक मिनार उभा आहे, दुसरा नाही. आत बारूद साठवली होती, वीज पडली म्हणतात, आणि अर्धा मदरसा क्षणात उडाला. खैरूबीने तो जन्मभर पाहिला होता. पण बारूद म्हणजे तरी काय, आपल्याच कोठडीतल्या मातीचं मीठ, हे तिला आजच सुचलं. कुणाला तरी ठाऊक असणार की आत काय भरलंय. तो माणूस गप्प बसला असेल. ती वळली आणि साठीला टेकलेली बाई भर बाजारातून पळत सुटली.

साजिदाने सुरई दोन्ही हातांत धरली होती. पाण्याला वाफा येत होत्या.

"थांब," खैरूबी दारातूनच म्हणाली. "मला चव येत नाही. ईदपासून."

मकबूलच्या हातातला चिमटा तसाच राहिला. साजिदाने सुरई खाली ठेवली, ओढणीत गुंडाळली, कोपऱ्यातून एका फुटक्या बिदरी डबीचं झाकण उचललं आणि पाण्यात सोडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात तुकडा लागला. बाहेर काढला तेव्हा तो चुलीतल्या राखेच्या रंगाचा होता, त्यावर ठिकठिकाणी डाग.

"चार महिने मी मान वर केली नाही, आपा."

"ठाऊक आहे."

"तुमचं नाव राहावं म्हणून माझं बुडवत होतात?"

 खैरूबीला वाटलं, आता ही आपल्याला घराबाहेर काढेल, आणि काढलं तरी तिचं चुकणार नाही. साजिदाने बुरखा अंगावर घेतला, रिकामी पिशवी तिच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "पाय तरी शाबूत आहेत ना? चला मग."

साजिदा दहा-अकरा वर्षांत किल्ल्यात गेली नव्हती. बसून बसून तिचे गुडघे कामातून गेलेले. खंदकाच्या पुलावर ती एकदा बसली, शर्झा दरवाजाच्या सावलीत दुसऱ्यांदा. वारा खात बसणं खैरूबीला आयुष्यात जमलं नव्हतं. आज ती जिथल्या तिथे उभी राहिली. शरणप्पाने दोघींचे चेहरे पाहिले आणि बाजूला सरकून वाट दिली.

जुनी कोठडी त्यांनी सोडून दिली. त्यापलीकडे खाली उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. तिथे कासिमसाब तिला एकदाच घेऊन गेले होते. खैरूबीने हाताने भिंत चाचपली. ती ठणठणीत कोरडी होती. साजिदाने चिमूट तोंडात टाकली आणि थुंकली.

"कशी लागते?"

"मातीसारखी."

"नीट चाख. थुंकायची घाई करू नकोस."

आणखी आत गेल्या. छत खाली आलं, दोघींना वाकावं लागलं. साजिदाने पुन्हा चिमूट घेतली. या खेपेला तिने ती जिभेवर धरून ठेवली.

"चावते," ती म्हणाली. "आणि आता गार लागतेय."

"आधी खारट होती का? नीट आठव. नुसतं माझं ऐकून सांगू नकोस."

"आपा, ईदपासून तुमची डाळ खातेय मी. खारट मला कळतं."

खैरूबीला आधी अर्थच लागेना. मग मकबूलचे तांबे आठवले, वेगळा काढलेला कोरडा भात आठवला, जेवताना सगळ्यांनी धरलेली ती चिडीचूप शांतता आठवली.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत?"

खैरूबी तिथेच मातीत बसली. पाय दुखले म्हणून नव्हे. साजिदा गुडघ्यावर हात ठेवून कण्हत कण्हत वाकली आणि मूठ मूठ माती पिशवीत भरू लागली.

"बसताय काय," ती म्हणाली. "आधी तुकड्यावर लावून बघायचंय. आणि आजपासून डाळ मी करणार."