दाजींचे पाय आणि नरसय्याची बियर

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत मी ज्या दिवशी दारुडा ठरलो, त्या दिवशी मी फक्त एक लिंबू सोडा प्यायलो होतो. तोही अर्धा. उरलेला अर्धा दाजींनी संपवला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शकूताईचे यजमान. पुण्याला कारखान्यात सुपरवायझर. चेहरा देवमाणसाचा, बोलणं गुळाचं. या माणसाचं नाव काढलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते!

आणीबाणी उठली त्या वर्षी धोंड्याचा महिना आला होता. दर तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात जावई हा माणूस नसतो, साक्षात विष्णू असतो. त्याला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, ओवाळायचं, कोरे कपडे चढवायचे, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि तो म्हणेल त्याला मान डोलवायची. (मेहुणा या महिन्यात कोण असतो? विष्णूचं वाहन!)

आमचे अप्पा गिरणीत जॉबर, म्हणजे मागवाल्यांचे मुकादम होते. मागावरचे कामगार त्यांच्या नुसत्या खोकल्याला घाबरायचे. नुकतेच निवृत्त झाले होते, पण खोकला निवृत्त झाला नव्हता. सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नसलेला माणूस. दाजी यायच्या आधीच त्यांनी मला दम भरला, "दाजींचा शब्द खाली पडता कामा न्हाय. पडला तर तुजी खैर न्हाय."

आता दुर्दैव बघा. त्याच दिवशी संध्याकाळी मंगळवेढ्याचे तात्या येणार होते. त्यांची मुलगी मालन मला सांगून आली होती. अधिक महिन्यात स्थळ बघत नाहीत, म्हणून ते आपले 'सहज' येणार होते. सोबत मुलीचे मामा, तेही सहज. आईनं माझा पांढरा शर्ट सहज कडक इस्त्री करून ठेवला होता. मालनचा फोटो मी पाहिला होता आणि तेव्हापासून गिरणीच्या हपिसात माझ्या हातून बेरजा नीट होत नव्हत्या. हे लग्न जमलं नाही तर मी जन्मभर लग्न करणार नव्हतो. एवढं ते प्रकरण गंभीर होतं.

दुपारी दाजींचं धोंड्याचं जेवण झालं. डोक्याला फेटा, कपाळाला कुंकवाचा टिळा, गळ्यात शेवंतीचा हार, अंगावर कोरा शर्ट आणि कोरं धोतर. एक लांबलचक ढेकर देऊन दाजी माझ्या कानाशी आले.

"मेहुणे, तुमच्या सोलापुरात कुणा नरसय्याची बियर म्हणे फार नामी असते?"

मी आजूबाजूला पाहिलं. "दाजी, अप्पांना कळलं तर..."

"बरं, राहू दे. मी अप्पांनाच विचारतो."

असा हा देवमाणूस! मी मुकाट्यानं चपला घातल्या. शर्टही तो इस्त्रीचाच घातला, कारण परत येईस्तोवर पाहुणे आले तर बदलायला वेळ कुठला! दाजींना म्हटलं, निदान फेटा तरी काढा. तर म्हणाले, "सासूबाईंनी बांधलाय. वाईट वाटेल त्यांना."

नरसय्याचं परमिट रूम थिएटरच्या मागच्या बोळात होतं. चार बाकडी आणि एक पंखा, तोही बाकड्यांवर नव्हे, नरसय्यावर. बियर कंपनीचीच. पण नरसय्याची करामत वेगळी. बाटल्या तो वाळूत पुरलेल्या रांजणात ठेवायचा, वर बर्फ, खडेमीठ आणि ओलं गोणपाट. मग ग्लासात तळाला भाजलेलं जिरं, आलं, पुदिना आणि आणखी काहीतरी, जे त्यानं स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यावर तिरकी धार धरून बियर सोडायची. पुण्या-मुंबईहून आलेली माणसं म्हणे सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायच्या आधी नरसय्याचं दर्शन घेत. (नंतरही घेत असावीत.)

मी बेत आखला होता. कोपऱ्यात बसायचं, एक बाटली, आणि सटकायचं. पण पहिली पाळी नुकतीच सुटली होती! आत सगळे अप्पांच्या हाताखालचे मागवाले. आणि मागच्या बाकड्यावर करीमभाईंचं अख्खं बँडपथक, वाद्यांसकट. अधिक महिन्यात लग्नं नसतात, मग बँडवाल्यांनी जायचं कुठं?

अप्पांच्या मागावरचा मल्लप्पा उठला. हा अक्कलकोटकडचा, अंगानं रेड्यासारखा आणि मनानं वासरासारखा.

"हे फेटेवाले कोण म्हनायचे?"

मी म्हणणार होतो, ओळखीचे आहेत. त्याआधी दाजी हात जोडून म्हणाले, "मी अप्पा जॉबरांचा जावई. धोंड्याला आलोय."

संपलं! अख्खं परमिट रूम उभं राहिलं.

"जॉबरचा जावई म्हंजे आमचा जावई की!" मल्लप्पा गहिवरला. "आन आमच्या जावयानं बाटली इकत घ्यायची? शरम वाटती का न्हाय रं तुमास्नी?"

"अरे अपने जॉबर साब का जमाई है," करीमभाई ओरडले. "खालीपीली ऐसाच भेजते क्या?"

नरसय्या गल्ल्यावरून उठला. तो कुणासाठी उठत नसे. "अय्यो, अल्लुडू! आमच्यात बी जावई देवच असते की. पयला ग्लास माझ्याकडून."

मग प्रत्येकाचा एक एक ग्लास. मी सांगत होतो, पुरे. दाजी कुणालाच नाही म्हणत नव्हते. वर मलाच म्हणतात, "मेहुणे, आग्रह मोडू नये. धोंड्याचा महिना आहे." मी लिंबू सोडा घेऊन रागानं फुगत बसलो होतो. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं तर पाहुण्यांची एसटी यायची वेळ होत आली होती.

"चला दाजी!" मी उठलो.

"आसं कसं?" मल्लप्पानं मला खांदा दाबून खाली बसवलं. "जावई आला, खाल्लं, प्याला, आन पाय धुतलेच न्हाईत! आमी काय रानटी हाय का?"

"पाय सकाळी धुतलेत, घरी!"

"ते घरचं. हितलं ऱ्हायलं न्हवं का?"

सगळ्यांना पटलं. पटणारच, चार चार ग्लासांवर काय पटत नाही? नरसय्यानं बर्फाचं घमेलं रिकामं करून दाजींसमोर ठेवलं. दाजींनी अगदी लग्नात ठेवावेत तसे त्यात पाय ठेवले. आता धुवायचे कुणी? मुलीकडच्यानं! तिथं मुलीकडचा म्हणजे मी एकटा. मी खाली बसलो आणि म्हटलं, आणा पाणी.

पाणी नव्हतं. सोलापूरच ते, नळ आदल्या दिवशी येऊन गेला होता आणि पिंप खडखडीत. सोडा संपलेला, बर्फाचं पाणी खारट. सगळे गंभीर झाले. विधी अर्धवट राहिला तर जॉबरच्या लेकीला दोष लागेल, असं करीमभाईंच्या ढोलवाल्यानंसुद्धा सांगितलं. तेव्हा नरसय्यानं छातीवर दगड ठेवून रांजणातली बाटली काढली, तिचं टोपण उडवलं, सवयीनं घमेल्यात जिरं-पुदिना टाकला आणि बाटली माझ्या हातात दिली.

"धुवा."

मी दाजींचे पाय बियरनं धुतले. मसाल्याच्या बियरनं! एक बाटली मी ओततोय, दुसरी मल्लप्पा भक्तिभावानं वरून सोडतोय, आणि निम्मा फेस माझ्या इस्त्रीच्या शर्टावर. गार लागलं म्हणून दाजींनी पाय झटकले, तेव्हा घमेल्यातलं उरलंसुरलं माझ्या तोंडावर. मिशीत जिरं, खिशात पुदिना. आणि तो विष्णू वरून डोळे मिटून आशीर्वाद देतोय! संतापानं माझे कान इतके तापले होते की शर्ट त्यांच्यावरच वाळला असता.

त्यानंतर मी पळून जायला हवं होतं. पण करीमभाईंनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. महिनाभर वाजवायला न मिळालेली माणसं ती, पाय धुतलेला जावई असा सोडतात होय? मल्लप्पानं दाजींना खांद्यावर घेतलं. पुढं बँड, मध्ये दाजी, मागं झुलणारी पहिली पाळी, आणि बाजूनं मी, "अहो हळू! अहो नको!" करत धावणारा. गल्लीतल्या बायका दारात आल्या. कुणीतरी दाजींना ओवाळलं. मला पाहून त्याच बाईनं नाकाला पदर लावला.

दारात अप्पा उभे होते. त्यांच्यामागं ओसरीवर, सरबताचे पेले हातात धरून, मंगळवेढ्याचे तात्या आणि मामा. सहज.

अप्पा खोकले.

बँड थांबला. मल्लप्पानं दाजींना हलकेच खाली ठेवलं, आणि पुढच्या क्षणी गल्लीत पहिल्या पाळीचा एकही माणूस नव्हता! राहिलो मी, दाजी आणि ढोल गळ्यात असल्यामुळं पळू न शकलेला ढोलवाला.

दाजींनी फेटा सारखा केला. सरळ रेषेत चालत गेले. अप्पांच्या पाया पडले, तात्यांच्या पडले, मामांच्याही पडले. (येताना त्यांनी मसाला पान खाल्लं होतं. मला विचारलंसुद्धा नाही!) तोंडाला वेलदोड्याचा घमघमाट. आणि मग तो माणूस डोळे खाली घालून काय बोलला असेल?

"मी नको नको म्हणत होतो. पण मेहुण्यांचा फारच आग्रह पडला."

मी किंचाळलो, "अप्पा, मी थेंब घेतला नाही!"

अप्पांनी माझा वास घेतला. केसापासून चपलेपर्यंत घेतला. "थेंब न्हाय? आरं, तू भिजून आलायस की! दाजींच्या तोंडाला वेलदोडा, आन तुज्या अंगाला हे?"

आई आत रडायला लागली. शकूताई नवऱ्याकडं कौतुकानं बघत म्हणाली, "बगा, धोंड्याच्या दिवशी ह्यांना कुटं कुटं न्यावं ह्यानं!" माझ्या डोळ्यांपुढून मालन, तिचा फोटो, फोटोतली तिची वेणी, सगळं मंगळवेढ्याच्या एसटीत बसून निघून गेलं.

तात्या उठले. काळ्या रानातला ज्वारीवाला शेतकरी, बोलणं मोजकं. माझ्याजवळ आले, माझ्या मिशीतलं जिरं चिमटीत धरलं, हुंगलं.

"काय हाय हे?"

"बियर," मी म्हटलं. आता लपवायचं काय! "दाजींचे पाय धुतले मी. बियरनं."

"पान्यानं का न्हाय?"

"पाणी नव्हतं!"

तात्यांनी चिमटीतलं जिरं झटकलं. मग मामांकडं वळले. "पावनं, ऐकलंत का? आपल्याकडं तर बारा म्हैने पानी न्हाय. पर पानी न्हाय म्हून जावयाचा मान चुकवला न्हाय पोरानं. आन इचारल्यावर खोटं बी बोलला न्हाय. पितो, तर पितो म्हनतो."

"अहो, मी पीत नाही!"

"आसू दे, आसू दे," माझ्या ओल्या खांद्यावर थोपटत तात्या म्हणाले. "पोरगी दिली."

लग्न झालं. सुखाचं झालं. पण दारुडा म्हणूनच झालं! सासरी मी गेलो की म्हातारी माणसं माझ्या समोर पाण्याचा तांब्या ठेवताना डोळे मिचकावायची. मेहुणे पाठीवर थाप मारायचे. मालननं लग्नानंतर पहिलं काय केलं असेल, तर मला देवासमोर उभं करून सोडायची शपथ घातली. जे मी कधी धरलंच नव्हतं, ते सोडायची! आणि दाजी? दाजी आमच्या घराण्यात आजतागायत निर्व्यसनी!

तीन वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला. आता विष्णू मी होतो. मंगळवेढ्याला तात्यांनी सगळ्या भावकीसमोर माझे पाय धुतले (पाण्यानं), ओवाळलं, फेटा बांधला. मग ओलं गोणपाट उलगडून एक बाटली माझ्यापुढं ठेवली आणि शेजारी जिरं-पुदिन्याची पुडी. नरसय्याकडून, खास एसटीनं आणलेली.

"जावयाच्या आवडीचं," तात्या म्हणाले. मालननंही मान डोलावली. धोंड्याच्या महिन्यात शपथ चालत नाही म्हणे.

भावकी बघत होती. नाही म्हटलं तर तात्यांचा मान जात होता. मी दात-ओठ खात ग्लास उचलला आणि आयुष्यातला पहिला घोट घेतला.

आणि मला राग आला. असा राग मला जन्मात आला नव्हता. इतकी फक्कड चीज, आणि मी गाढवानं ती दाजींच्या पायांवर ओतली होती!