पाण्याने निघणारा थर

प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. नवरा गेल्यावर त्यांनी हे काम धरलं, त्याला बावीस वर्षं झाली. दोन्ही मुली याच पगारावर शिकल्या. सुरुवातीला फुटेल या भीतीने एकेक चंबू दोन्ही हातांनी धरून धुवायच्या. आता डोळे मिटून धुतील.

तिथे एक तरुण संशोधिका शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावरच्या हवेचा अभ्यास करत होती. चंबूत नायट्रोजन आणि मिथेन भरायचा आणि आत विजेच्या ठिणग्या पाडत राहायचं. वायूंचे तुकडे होत, ते नव्याने एकमेकांना चिकटत आणि चार दिवसांत काचेवर तपकिरी थर बसे. टायटनवर सूर्यप्रकाशाने असंच धुरकं तयार होतं. थराचा नमुना खरवडून घेतला की चंबू ताईंकडे येई. थर महाहट्टी! पाण्याला दाद देत नसे, स्पिरिटमध्ये भिजवून घासावा लागे.

एके दिवशी नळाखाली धरताच निम्मा थर वाहून गेला. ताई थबकल्या.

"मॅडम, हे नेहमीचं नाही. नुसत्या पाण्याने निघतंय."

"बरंच झालं की, ताई. तुमचे कष्ट वाचले," संगणकावरची नजर न हलवता ती म्हणाली.

पुढचा चंबूही तसाच. तिसरा आला तेव्हा ताईंनी तो धुतलाच नाही. सरळ तिच्या टेबलावर नेऊन ठेवला, शेजारी पाण्याचा मग.

"ताई, मला तो संध्याकाळपर्यंत स्वच्छ हवाय."

"मिळेल. आधी तुम्ही स्वतः पाणी घाला. तोवर मी इथून हलत नाही."

तिने वैतागून पाणी ओतलं. ते चहासारखं झालं आणि तिचा चेहरा उतरला. दोघींनी यंत्राचा एकेक जोड तपासला. एक रबरी कडी चिरली होती. तिथून बाहेरची हवा आत शिरत होती, आणि तिच्यातल्या ऑक्सिजनमुळे भलतंच काही बनत होतं. टायटनच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नाहीच.

"दोन आठवडे पाण्यात गेले, ताई."

"जाऊ द्या. चुकीचं छापून आलं असतं तर?"

त्याच दुपारी तिने विभागप्रमुखांना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली, कडी बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पाचव्या दिवशी नवा चंबू आला. पाण्याने काही होईना.

"बघा," ब्रश दाबत ताई करवादल्या, "तुमचं बरोबर आलं की माझं मनगट भरून येतं!"

तिने बाह्या वर सारल्या आणि दुसरा ब्रश उचलला.