चार्जरपाशी वीस मिनिटं

आत्या गेल्याचा फोन सकाळी आला. ती सोनईला, आम्ही जामखेडला. ती सवाष्ण गेली होती. माहेरचं हिरवं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलणार नव्हते. पप्पा तिचे एकुलते भाऊ. ओळखीच्या दुकानदाराला दुकान उघडायला लावून त्यांनी साडी घेतली आणि पिशवी मांडीवर धरून गाडीत बसले.

गाडी विजेवरची, ती मी चालवते. रात्रभर लाईट नव्हती, त्यामुळे ती चार्ज झाली नव्हती. नगरपर्यंत पुरेल, तिथे चार्जर आहे, असं मी ॲपवर बघून सांगितलं. फोन करून खात्री केली नाही. अनोळखी माणसाशी बोलणं टाळता आलं तर मी टाळते.

नगरच्या पंपावरचा चार्जर ॲपमध्ये हिरवा होता. प्रत्यक्षात त्याच्या स्क्रीनवर धूळ बसली होती.

"आठ दिस झालं बंद हाय, म्याडम," पंपावरचा माणूस म्हणाला. "ॲपला कोन सांगनार?"

दुसरा चार्जर एका हॉटेलच्या आवारात होता, एकच. त्याला पांढरी गाडी लागलेली. स्क्रीनवर चौऱ्याऐंशी टक्के. तिचा मालक पलीकडे बाकावर चहा पीत होता. ऐंशीच्या पुढे चार्जिंग फार हळू होतं, हे मला माहीत होतं. मी इंग्रजी शाळेतली. मराठीत काही मागायचं असेल तर अजूनही आधी मनात वाक्य जुळवून घेते. तशी जुळवत बसले. पंच्याऐंशी झाले. बऱ्याच वेळाने शहाऐंशी.

आतेभावाचा फोन आला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मामा, कुठवर आलात? ऊन लई झालंय. मानसं खोळंबलीत."

"आलोच," पप्पा म्हणाले. मग पिशवीच्या कडा सारख्या करत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांना सांगतो, तिकडचीच एखादी नेसवा."

मी दार उघडून खाली उतरले. जुळवलेलं वाक्य आठवलंच नाही. "माझी आत्या वारलीय," एवढंच म्हणाले.

तो माणूस चहा तसाच ठेवून उठला. "अहो ताई, मग आल्या आल्या बोलायचं ना! मी देवदर्शनाला निघालोय. देव काय पळून जातोय?" त्याने स्वतःच्या गाडीची वायर काढली, गाडी मागे घेतली, आणि पप्पांसाठी हॉटेलातून पाणी आणलं.

पप्पा वायरीकडे बघत होते. "मधेच काढता येतं होय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

सोनईला सगळे थांबले होते. म्हातारी माणसं डोक्यावर टॉवेल टाकून भिंतीच्या वीतभर सावलीला उभी होती. पप्पांनी साडी बायकांच्या हातात दिली आणि आत्याच्या पायांशी बसले. कुणीतरी विचारलं, एवढा उशीर कसा झाला?

"चार्जर बंद होता," पप्पा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.