मंडईचा पाहुणा

निघताना माझी एक पिशवी होती आणि तात्याच्या तीन. तात्या म्हणजे माझा कुत्रा. चितकबरा, उतारवयातला, उजव्या कानाने ठार बहिरा आणि जेवणाच्या बाबतीत रुसलेल्या जावयासारखा. पुण्यात त्याला भरवायचं म्हणजे अर्धा तास ताटलीपुढे बसून मिनतवाऱ्या. शिवाय त्याला फीट येते, म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळी. त्याला सांभाळणाऱ्या बाईंनी ऐन वेळी हात वर केले, तेव्हा मी ठरवलं की भंडाऱ्याला जायचं तर दोघांनी. तशीही घरात आम्ही दोघंच असतो.

बोलावणं रेखाचं होतं. पुण्यात ती वर्षानुवर्षं माझ्या शेजारी राहायची. नवऱ्याच्या निवृत्तीनंतर दोघं भंडाऱ्यापुढच्या आंधळगावला, आपल्या गावी परतली. "दिवाळी झाली की मंडईले ये," असं दर फोनवर म्हणायची. पुणेकराला मंडई म्हटलं की मेथीची जुडी दिसते. इकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात, आणि उद्या हीच मंडळी पुढच्या गावाच्या मंडईला निघतात.

वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी भंडारा मागे टाकलं. कापलेल्या बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं), मध्येच पुंजणे (धानाच्या पेंढ्यांच्या रचलेल्या गंज्या), आणि दर थोड्या अंतरावर एक तलाव. तात्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि आंधळगाव येईपर्यंत आत घेतली नाही. गाडीत एरवी ओकणारा प्राणी हा! मला त्याचंच नवल वाटत होतं.

रेखाच्या ओसरीवर आधीच दहा-बारा माणसं जेवत होती. "या कोण?" मी एका बाईंकडे बघून हळूच विचारलं.

"मले नाही मालूम," रेखा शांतपणे म्हणाली. पुण्यात माझ्याशी चोख पुणेरी बोलणारी ही बाई गावची हवा लागताच बदलली होती. "जेवल्यावर विचारीन. मंडईच्या दिवशी आधी वाढाचं, मंग विचाराचं."

मला ही रीत फार आवडली. आमच्या सोसायटीत आधी वहीत नाव लिहायचं, मग फोन, मग लिफ्ट.

दुपार कलल्यावर चौकात दंडार (नाच-गाण्यांचं लोकनाट्य) सुरू झाली. ढोलकी वाजायला लागली आणि तात्याला अंगणात ठेवून मी पाच मिनिटं बघून येते म्हणून गेले. आले तेव्हा फाटक सताड उघडं होतं आणि तात्या नव्हता.

संध्याकाळच्या गोळीची वेळ होत आली होती. गोळी चुकली की त्याला झटका येतो, हे मला पक्कं माहीत होतं, आणि त्याला ते सांगता येत नाही. पट्ट्यावर मी हौसेने त्याचं नाव कोरून घेतलं होतं. फोन नंबर नाही.

मी "तात्या! तात्या!" ओरडत निघाले. इकडे तात्याजी म्हणजे वडीलधारा माणूस. तीन म्हातारे वळून बघायला लागले. एकाने तर "काहून बोलावून राहिली, बाई?" असं विचारलंसुद्धा.

पहिल्या घरात शिरले. "माझा कुत्रा—" म्हणेपर्यंत पुढ्यात पाट आला.

"बसा ना जी आधी."

"नाही हो, मी शोधते आहे—"

"तोंड तं गोड करा!"

अनारसा तोंडात कोंबूनच बाहेर पडले. दुसऱ्या घरी चिवडा आणि चहा. तिसऱ्या घरी लाखोळीच्या डाळीचे गरम वडे. कुणी मला विचारलं नाही की मी कोण, आणि मला तर कुणी विचारावं म्हणून जीव तुटत होता. चांगली रीत अंगावर आली म्हणजे कशी येते, ते मला त्या दिवशी कळलं. रडू आणि राग एकदमच येत होते. हातात मात्र वडा होता.

वड्यांच्याच घरी पत्ता लागला. "तो चितकबरा? आमच्याच ओसरीवर होता की. दोन वडे खाल्ले," सूनबाई म्हणाल्या. वडे! माझ्या हातून दहीभात न खाणाऱ्याने!

पुढे पानठेल्यावर एक गृहस्थ उभे होते. ते अभिमानाने म्हणाले, "पट्टेवाला ना? म्या सोताच उचलून टेम्पोत देला. बपेऱ्याचे पाहुने जाऊन राहिले होते."

"पण का?"

"आता पाहुन्याचा कुत्रा मागं सुटला तं गावाची शोभा जाते ना जी!"

त्यांचा चेहरा इतका निर्मळ होता की मला भांडताच येईना. बपेरा म्हणजे थेट मध्य प्रदेशच्या सीमेलगत. टेम्पोवाल्याचा फोन बंद, आणि तिथे तो कुणाच्या घरी उतरला ते कुणालाच ठाऊक नाही. रात्र कशी काढली ते लिहीत नाही. गोळ्यांची डबी मुठीत धरून पडले होते, एवढंच.

सकाळी फोन लागला. टेम्पोवाला म्हणाला, "कुत्रा? तो तं सुभद्रामावशीचा. तिच्याच संगं उतरला." घरचे पाहुणे जावेवर सोपवून रेखा माझ्याबरोबर निघाली. तुमसर मागे पडलं, सागाचं रान आलं, तलावात शिंगाड्याचे वेल पसरलेले दिसले. एरवी मी दर वळणावर गाडी थांबवली असती. त्या सकाळी फक्त सुभद्रामावशीला सुनावायची वाक्यं जुळवत होते. दुसऱ्याचं जनावर नेताना काहीच कसं वाटलं नाही, इथपासून सुरुवात होती.

बपेऱ्याची मंडई त्याच दिवशी होती. घराघरांत गर्दी. सुभद्रामावशींचं अंगण मात्र सारवलेलं, रांगोळी घातलेलं आणि रिकामं. मधोमध बाज, बाजेवर गोधडी, गोधडीवर तात्या. शेजारी बसून एक किडकिडीत म्हातारी त्याला भात भरवत होती आणि तो बोटं चाटून खात होता.

मी जवळ जाऊन खाली बसले आणि त्याच्या मानेत तोंड घालून रडले. वाक्यं कुठे गेली देव जाणे.

"तुमचा का जी?" मावशी म्हणाल्या. "मले वाटलंच, कोनाच्या तरी लाडाचा आहे. सकाळी झटका आला याले. मांडीवर घेतलं, कांदा फोडून नाकाशी धरला. मंग झोपला."

कांद्याने फीट थांबत नाही, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलेलं आहे. पण तो एकटा नव्हता. रात्रभर मी ज्या चित्राला घाबरत होते त्यात तो कुठल्याशा बांधावर एकटाच तडफडत होता. मी गोळी काढून त्याच्या घशात ढकलली.

"पण मावशी," रेखाने विचारलं, "तुमचा नव्हता तं टेम्पोवाल्याले सांगतलं काहून नाही?"

मावशींनी ताटातला भात उगाच सारखा केला. "लेक सुरतेले राह्यते. यंदा सुट्टी नाही भेटली तिले. मंडईच्या दिवशी आंगन रिकामं कसं ठेवाव, बाई? टेम्पोवाला म्हने, मावशी, तुमचा कुत्रा. मी म्हनलं, हाव, माहाच. म्हनलं, पाहुना तं आला." मग म्हणाल्या, "मालक येईन हे मालूम होतं. मी रांधूनच ठेवलं."

आम्ही हात धुतले आणि पानावर बसलो. भात, झिंग्यांचा (कोळंबीचा) रस्सा, वडे, जवसाची चटणी. मावशी वाढत होत्या, आणि दारावरून जाणाऱ्या शेजारणीला उगाच मोठ्याने सांगत होत्या, "पाहुने आहेत जी घरी! पुन्याचे!" मी पोट फुटेपर्यंत जेवले. निघताना त्यांनी आम्हा दोघींना कुंकू लावलं. मग तात्यालाही लावलं, आणि शिदोरीचं गाठोडं त्याच्या शेजारी सीटवर ठेवलं.

पुण्यात परतल्यावर तात्याने आपल्या ताटलीकडे बघून मान फिरवली. पुन्हा तीच मिनतवारी सुरू. संध्याकाळी फोन वाजला. बपेऱ्याहून.

"पाहुना जेवला का?"

"नाही ना, मावशी."

"संगं बसून खा, मंग तोही खाईन," त्या म्हणाल्या. "अन् तू? तू जेवली का?"

हा प्रश्न मला शेवटचा कुणी विचारला होता, ते आठवेना. मी गॅस पेटवला, भात टाकला, आणि आम्हा दोघांची ताटं जमिनीवर शेजारी शेजारी मांडली.