पुस्तकाप्रमाणे निकामी झालेला हात

विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेलं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. आयटीआय करून मी वैजापूरजवळच्या आमच्या गावी बसून होतो. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून लेथवरच्या कामासाठी बोलावणं आलं. वडिलांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. पोरगा आता सावलीत काम करणार, एवढंच त्यांना समजलं आणि तेवढं त्यांना पुरलं.

एसटीनं निघालो. लासूर स्टेशन हे गाव मागं पडलं आणि गाडीवर दगड आले. मी तोंडापुढं हात आडवा धरला. दगड लागला नाही, खिडकीची काच मात्र उजव्या कोपरात आतल्या हाडापाशी घुसली. आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, नेमकी ती जागा.

सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन जखम शिवली. मला शुद्ध आली तेव्हा खाटेशेजारी हवालदार बसला होता.

"दगड कुणाचा? नामांतरवाल्यांचा का विरोधकांचा?"

"दिसलं नाय साहेब."

"मग तू कोणत्या बाजूचा?"

"खिडकीच्या."

त्यानं ते लिहून घेतलं. पुढं भेटायला आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं हेच दोन प्रश्न विचारले. हात कसा आहे, हे बहुतेकांना जाताना आठवायचं.

काही दिवसांनी मोठे डॉक्टरसाहेब विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन फेरीला आले. माझा हात उचलून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. "अल्नर, म्हणजे करंगळीकडं जाणारी नस, कोपरात पूर्ण तुटलेली आहे. त्यामुळं या रुग्णाला बोटं फाकवता येणार नाहीत. फाकव रे."

मी फाकवली.

साहेबांनी चष्मा पुसला. "पुन्हा."

मी पुन्हा फाकवली.

"तुला हे जमणार नाही," ते म्हणाले.

"व्हय साहेब," मी म्हणालो. मोठ्या माणसाला नाही म्हणायची आमच्याकडं रीत नव्हती. बोटं मात्र तशीच फाकलेली राहिली.

ते जखम शिवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं वळले. "म्हणजे नस तुटलीच नव्हती."

"सर, दोन्ही टोकं मी पाहिली. मीच जोडली."

"मग हा लबाडी करतोय." पुढच्या खाटेवर एका म्हाताऱ्याचं पोट दुखत होतं. साहेब तिकडं गेले, ते पुन्हा माझ्या खाटेशी कधी थांबले नाहीत.

संध्याकाळी बाई आल्या आणि त्यांनी माझ्या हातावर पेनानं दोन रेघा काढल्या. "ही मधली नस, ही अल्नर. काही माणसांत कोपराच्या खाली मधल्या नसेतले थोडे धागे अल्नरमध्ये जातात. तुझ्यात तसं आहे. बोटं हलवायचा हुकूम तुला या आडवाटेनं येतो. वर कोपरात तुटलं, तरी पंजाला पत्ता नाही."

"मग करंगळी बधीर का?"

"स्पर्शाचे धागे नेहमीच्याच वाटेनं गेलेत. ते तुटले."

वडील उकिडवे बसून ऐकत होते. "पोराच्या हातात काई चूक हाय का मग, बाई?"

"चूक नाही, बाबा. जरा वेगळं आहे. पुस्तकातसुद्धा दिलंय, बारीक अक्षरात."

"मग मोठ्या साहेबाला राग कशाचा आला?"

बाईंनी दाराकडं पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

जखम भरल्यावर मी कारखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दवाखान्याचं कार्ड वाचलं, मान वर न करता म्हणाले, "नस तुटलेली. हात निकामी. मशीनवर चालणार नाही."

मी बोटं फाकवून दाखवली. त्यांनी दोन बोटांमध्ये तेच कार्ड धरायला दिलं आणि जोरात ओढलं. मी सोडलं नाही. कार्ड मधोमध फाटलं.

"ताकद चांगली आहे," ते म्हणाले. "पण फाटलेला कागद आम्हाला चालत नाही. दुसरा आणा."

दुसऱ्या कागदावर सही मोठ्या साहेबांची लागत होती. त्यांनी एकच ओळ लिहिली: नस तुटलेली नव्हती. त्या ओळीवर मला नोकरी लागली. बाईंना पेढे द्यायला गेलो, तेव्हा साहेबांनी काय लिहिलं ते मी सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "काम मिळालं ना? राहू दे." त्यांनी अर्धाच पेढा खाल्ला. माझी नोकरी त्यांचं काम पुसून झाली होती, याचं मला वाईट वाटलं. पण नोकरी सोडण्याइतकं नाही.

लेथवर धातूचा गरम कीस करंगळीवर पडायचा आणि मला जळक्या वासावरून कळायचं. दीडेक वर्षानं एकदा चटका बसला आणि मी चक्क ओरडलो. शेजारचे कामगार धावत आले, तर मी हसत होतो. जोडलेली नस जागी झाली होती.

सुट्टीच्या दिवशी बाईंना सांगायला दवाखान्यात गेलो. त्या शिक्षण संपवून दुसऱ्या गावी गेल्या होत्या, कुठं ते कुणाला ठाऊक नव्हतं. व्हरांड्यात मोठे साहेब भेटले. त्यांनी मला ओळखलं. करंगळीला टाचणी टोचून पाहिली, मी हात मागं घेतला.

"बघ," ते समाधानानं म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं, नस तुटलेलीच नव्हती."