जाळं ओढणारा पंच

ऊर्जानगरच्या बास्केटबॉल स्पर्धेत मी गुण लिहायला बसायचो आणि तो पंच दरवर्षी माझं डोकं खायचा. नियमपुस्तकातली एकही खूण कधी केली नाही त्याने. चेंडू न आपटता कुणी पळालं की तळहातावर दोन बोटं चालवायचा. कुणी कुणाला धरून ठेवलं की नदीतून जाळं ओढल्यासारखे हात खेचायचा. हात दिलेत म्हणून काहीही करायचं का?

एकदा अंतिम सामन्यात, गुण बरोबरीत असताना, त्याने पुन्हा जाळं ओढलं. "फाउल कोणता लिहू?" मी वैतागून विचारलं.

"साऱ्या मैदानाले समजलं, भाऊ," तो म्हणाला. "तुमीच पुस्तकात पाहून राह्यले."

मी लेखी तक्रार केली. यंदा नवा पंच आला, अगदी पुस्तकाबरहुकूम. पहिल्याच सामन्यात शिट्टी मारून त्याने स्वतःचं मनगट धरून दाखवलं. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याची खेळाडू गोंधळून माझ्या टेबलाशी आली आणि काय चुकलं ते तेलुगूत विचारू लागली. मला तेलुगू येत नाही. मी पेन ठेवला आणि चरफडत दोन्ही हातांनी जाळं ओढलं.

तिने मान डोलावली आणि खेळायला गेली.